अंगणवाडीत लेकराचे वजन कमी भरले, तर पुढे काय करावे

माझी मुलगी अठरा महिन्यांची असताना, ऑगस्टच्या वजनाच्या दिवशी, अंगणवाडीत तिचे वजन ७ किलो ९०० ग्रॅम भरले आणि तक्त्यावरचा तिचा ठिपका हिरव्या पट्ट्यातून घसरून पिवळ्यात आला. सेविकाताईंनी जे सांगितले त्यातले निम्मे मला कळले नाही. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या की आपल्या घराण्यातली सगळीच लेकरे काटकुळी असतात, शेजारणीने शक्तिवर्धक पावडरीचा डबा सुचवला, आणि तालुक्याच्या गावी एका दवाखान्यातून भूक लागण्याचे म्हणून जे औषध आणले त्याने मुलगी दिवसभर पेंगत राहिली. सप्टेंबरमध्ये वजन पुन्हा ७ किलो ९०० ग्रॅमच भरले. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या पट्ट्यात आहे. पावसाळ्यात निंदण आणि दिवाळीच्या आगेमागे वेचणी, म्हणजे आई शेतात आणि लेकरू आजीजवळ, हे इथले नेहमीचेच चित्र. त्यानंतरच्या महिन्यांत जे शिकले ते क्रमाने लिहीत आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा कोणताही निर्णय हे वाचून घेऊ नये.

१. वजन नीट झाले आहे का, हे आधी पाहा

काट्यावर चढवण्यापूर्वी काटा शून्यावर आहे का, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. टांगायचा काटा असेल तर झोळी अडकवल्यावर शून्य जुळवलेले असावे, नाहीतर झोळीचे वजन लेकराच्या नावावर चढते. लेकराच्या अंगावर कमीत कमी कपडे ठेवावेत. माझ्या मुलीचे डिसेंबरचे वजन स्वेटर, कानटोपी आणि पायातल्या वाळ्यांसकट झाले होते, ते ९ किलो २०० ग्रॅम भरले. जानेवारीत हे सगळे काढून ९ किलो १०० ग्रॅम भरले, आणि वजन घटले म्हणून घरात उगाच रडारड झाली. लेकरू रडून हातपाय झाडत असेल तर त्या वेळचा आकडा लिहू देऊ नका. थोडा वेळ थांबून पुन्हा वजन करायला सांगण्यात संकोच कसला?

वयाची नोंदही तपासावी. आमच्याकडे जन्म पोळ्याच्या आदल्या आठवड्यात झाला असे सांगितले जाते आणि कागदावर भलताच महिना पडतो. वय पूर्ण झालेल्या महिन्यांत मोजतात, आणि दीड-दोन वर्षांच्या लेकराच्या बाबतीत दोन महिन्यांचा फरक त्याला एका पट्ट्यातून दुसऱ्यात टाकू शकतो. जन्म दाखल्यावरची तारीख आणि अंगणवाडीच्या नोंदीतली तारीख एकच असल्याची खात्री करून घ्या.

२. कार्डावरची रेघ वाचायला शिका

माता व बाल संरक्षण कार्डात वाढीचा तक्ता असतो. मुलींचा तक्ता गुलाबी आणि मुलांचा निळा असतो. मुलीचे वजन चुकून मुलाच्या तक्त्यावर मांडले तर ते आहे त्याहून कमी दिसते. खाली महिने, उभ्या बाजूला किलो, आणि मध्ये हिरवा, पिवळा व नारिंगी असे पट्टे. हिरवा म्हणजे वयाच्या मानाने वजन ठीक, पिवळा म्हणजे मध्यम कमी वजन, नारिंगी म्हणजे तीव्र कमी वजन. हे पट्टे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या मानकांवर आधारलेले आहेत. ती मानके ठरवताना निरनिराळ्या देशांतल्या मुलांची मापे घेतली होती आणि त्यांत भारतातली मुलेही होती, त्यामुळे हे माप विदेशी लेकरांचे आहे, आपल्याला लागू नाही, ही समजूत चुकीची आहे.

अंदाजासाठी काही आकडे देते. एका वर्षाच्या मुलीचे मध्यम वजन ८.९ किलो धरतात आणि ७ किलोच्या खाली ती पिवळ्या पट्ट्यात जाते. दोन वर्षांला हेच आकडे ११.५ आणि ९ किलो, तीन वर्षांला १३.९ आणि १०.८ किलो. मुलग्यांसाठी एका वर्षाला ९.६ आणि ७.७, दोन वर्षांला १२.२ आणि ९.७, तीन वर्षांला १४.३ आणि ११.३ किलो.

मात्र एकट्या आकड्यावरून फारसे काही कळत नाही. दर महिन्याचे ठिपके जोडून जी रेघ होते ती वर चढते आहे, आडवी पडली आहे की खाली वळली आहे, हे पाहायचे असते. हिरव्या पट्ट्याच्या तळाशी असलेले पण दर महिन्याला चढणारे लेकरू बहुधा ठीक असते. उलट हिरव्याच्या मधोमध असलेल्या लेकराची रेघ लागोपाठ दोन महिने आडवी राहिली तर रंग बदलण्याची वाट न पाहता चौकशी करावी. माझ्या मुलीची रेघ जूनपासूनच आडवी होती. ठिपके मांडलेले होते, ते जोडून पाहिलेले नव्हते.

३. उंची आणि दंडघेर मोजून घ्या

वयाच्या मानाने वजन कमी असण्याचे अर्थ दोन असू शकतात: लेकरू उंचीलाच कमी आहे म्हणून वजनही कमी आहे, किंवा उंचीच्या मानाने ते वाळलेले आहे. यातला दुसरा प्रकार अधिक तातडीचा असतो. म्हणून उंची मोजण्याचा आग्रह धरावा. दोन वर्षांखालील लेकराची लांबी झोपवून मोजतात आणि त्यावरच्याची उंची उभे करून.

दंडघेर मोजणे सर्वांत सोपे आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या लेकराचा डावा हात सैल सोडून खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी गुंडाळतात. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण, म्हणजे सेविका आणि आशाताई ज्याला ‘सॅम’ म्हणतात ते, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर मध्यम, म्हणजे ‘मॅम’. माझ्या मुलीचा दंडघेर १२.१ होता. पट्टी कातडीत रुतेल इतकी आवळू नये आणि सैलही सोडू नये.

दोन्ही पावलांवर अंगठ्याने थोडा वेळ दाबून पाहावे. दोन्हीकडे खड्डा पडून तसाच राहत असेल तर ती सूज आहे, आणि अशी सूज असताना वजनाचा आकडा फसवा असतो, कारण अंगात साचलेले पाणीही त्यात मोजले जाते. गुबगुबीत दिसणारे लेकरूही तीव्र कुपोषित असू शकते ते यामुळेच.

४. पुढील लक्षणे दिसल्यास थांबू नका

दोन्ही पायांवर सूज, लेकराने खाणे-पिणे किंवा अंगावर पिणे सोडणे, सुस्त पडणे, झटके, श्वास जोरात चालणे किंवा छाती आत ओढली जाणे, प्रत्येक घास उलटून पडणे, जुलाबात रक्त, डोळे खोल जाणे: यांपैकी काहीही असेल तर पुढच्या वजनाच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. रात्रीची वेळ असेल तर १०८ क्रमांकावर गाडी मागवावी.

५. कागद एका पिशवीत ठेवा

मला एका कागदासाठी दोनदा परत यावे लागले आणि दोन्ही वेळा त्या दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून पुढील गोष्टी प्लॅस्टिकच्या एकाच पिशवीत कायम तयार ठेवाव्यात:

- माता व बाल संरक्षण कार्ड, वाढीचा तक्ता आणि लसीकरणाच्या पानांसह
- जन्म दाखल्याची प्रत
- आईचे आणि असल्यास लेकराचे आधार कार्ड
- शिधापत्रिकेची प्रत
- आईच्या बँक खात्याच्या पासबुकाची प्रत
- आधीच्या दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल आणि दिलेल्या औषधांची रिकामी वेष्टने
- आईवडिलांपैकी कोणाची सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी झाली असल्यास तिचे कार्ड

रिकाम्या वेष्टनांचे अनेकांना नवल वाटते, पण डॉक्टरांना ‘लाल रंगाचे औषध’ सांगून काहीच कळत नाही.

६. खाणे बदलण्याआधी कारण शोधा

आमच्या घरात सगळे खापर खाण्यावर फुटले होते, प्रत्यक्षात मुलीला पावसाळ्यात तीनदा जुलाब झाले होते आणि प्रत्येक वेळी आम्ही पोटाला आराम म्हणून तिचे खाणे तोडले होते. जुलाबात खाणे आणि अंगावर पाजणे चालूच ठेवायचे असते. क्षारसंजीवनीचे एक लिटरचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यातच कालवावे, पेलाभर पाण्यात नव्हे. सोबत झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते. सहा महिन्यांवरील लेकराला रोज २० मिलिग्रॅम. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी गोळ्यांचा क्रम पुरा करावा. इथेच सगळे चुकतात, आम्हीही चुकलो. आजार गेल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचे दिले तर घसरलेले वजन भरून येते.

दुसरी चौकशी जंतांची. जंतनाशक गोळी अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास देतात. एक ते दोन वर्षांच्या लेकराला अर्धी गोळी चुरून, त्यावरच्याला पूर्ण. जीवनसत्त्व ‘अ’चा डोस नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ वेळा असतो, कार्डात किती नोंदी आहेत ते मोजा.

तिसरी गोष्ट आपल्या भागाची. विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि मेळघाट या भागांत सिकलसेल आढळतो, आणि हा आजार असलेली मुले अनेकदा वाढीला मागे पडतात. वारंवार ताप, हातापायांच्या पंज्यांना दुखरी सूज, डोळ्यांत पिवळेपणा किंवा सतत फिकेपणा असेल तर तपासणीची मागणी स्वतःहून करा. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. घरात कोणाला क्षयरोग असेल, लेकराला फार दिवस खोकला असेल किंवा दूध पिताना घाम येऊन ओठ निळसर पडत असतील, तर तेही न विचारता सांगावे.

या तपासणीसाठी शहर गाठण्याची गरज दर वेळी नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. पथक कधी येणार हे सेविकाताईंना विचारून ठेवा, आणि त्या दिवशी लेकराला आजीबरोबर पाठवू नका; स्वतः जा, कारण मागचे सगळे आजीला सांगता येत नाही.

७. लेकराचे ताट वेगळे करा

सर्वांत मोठा बदल आमच्या घरी एका वाटीने केला. पूर्वी मुलगी प्रत्येकाच्या ताटातले दोन-दोन घास खाई, आणि संध्याकाळी विचारले तर सगळे म्हणत की ती दिवसभर खातच असते. तिच्यासाठी पाव लिटरची एक वाटी बाजूला काढली, तेव्हा तिच्या पोटात दिवसभरात दीड वाटीसुद्धा जात नाही हे पहिल्याच दिवशी कळले.

एक ते दोन वर्षांच्या लेकराला दिवसातून तीन ते चार जेवणे आणि मध्ये एक-दोन वेळा वरखाणे लागते, आणि प्रत्येक जेवणाला पाऊण ते एक वाटी. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवता येते. मात्र वर्षानंतर जेवणाच्या ऐन आधी पाजले तर लेकरू जेवत नाही.

आपल्याकडचा सर्वांत मोठा सापळा वरणाच्या पाण्याचा आहे. वरच्या पाण्याने पोट भरते, डाळ मात्र भांड्याच्या तळाशीच राहते. अन्न इतके घट्ट असावे की चमचा कलता केला तर ओघळू नये. त्यात एक चहाचा चमचा तेल किंवा तूप घातले की ४५ च्या आसपास कॅलरी वाढतात आणि वाटीचा आकार तोच राहतो. लहान पोटासाठी याहून सोपा उपाय मला सापडला नाही. आम्ही जे फिरवून फिरवून दिले ते असे: ज्वारीच्या कण्या दुधात शिजवून गूळ घालून, मूगडाळ-तांदळाची मऊ खिचडी, वरून तेल, घट्ट वरणात कुस्करलेली भाकर, उकडलेले अंडे, मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, कोवळा पाला डाळीत शिजवून, तीळ आणि शेंगदाण्याचा कूट, तिखट न घालता. भंडारा-गोंदियाकडे तलावाचे मासे आणि शिंगाडे हाताशी असतात. माशाचा काटा नीट काढून ते वापरावेत. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि चारोळ्या लहान लेकराच्या घशात अडकतात, म्हणून कूट करूनच द्यावे. एक वर्षाच्या आत मध चाटवू नये.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरासाठी घरी न्यायचा शिधा मिळतो आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी तिथेच गरम आहार असतो. २०२३ मध्ये निकष बदलण्यापूर्वी हा आहार दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असा ठरलेला होता, आणि तीव्र कमी वजनाच्या मुलांसाठी ८०० कॅलरी व २० ते २५ ग्रॅम प्रथिने. चव आवडत नाही म्हणून ही पाकिटे गोठ्यात गेलेली मी पाहिली आहेत. पीठ थोड्या तेलात खमंग भाजून, गूळ किंवा जिरे-मीठ घालून शिजवले तर बहुतेक लेकरे खातात. तो शिधा घरच्या जेवणाला जोड म्हणून असतो, आणि तो सगळ्या भावंडांत वाटला गेला तर ज्याच्यासाठी आला त्याच्या वाट्याला दोन चमचे उरतात.

पावडरीच्या डब्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. वेष्टनामागच्या बारीक अक्षरांत साखर कितव्या क्रमांकावर लिहिली आहे ते वाचा. तेवढ्या पैशांत आमच्या घरी महिनाभराची अंडी आली असती.

८. आजीला बोल न लावता दिवस आखा

सकाळी चहा आणि त्यात बुडवलेले बिस्किट, अकरा वाजता रडली म्हणून पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट, आणि मग दुपारी जेवत नाही ही तक्रार: आमचा दिवस असा होता. चहाने भूक मरते आणि अन्नातले लोह अंगी लागत नाही. पण मी हे सासूबाईंना तक्रारीच्या सुरात सांगितले तेव्हा त्या दोन दिवस बोलल्या नाहीत आणि चहा चालूच राहिला. नंतर मी त्यांना वजनाच्या दिवशी सोबत नेले, कार्डावरची रेघ त्यांनाच दाखवायला लावली, आणि शेतात जाण्यापूर्वी दोन डबे भरून ठेवू लागले: एक सकाळी अकराचा, एक दुपारी तीनचा. संध्याकाळी किती उरले ते त्या स्वतःहून सांगू लागल्या.

मोबाइल दाखवत भरवण्याने घास जातो, पण पोट कधी भरले हे लेकराला कळेनासे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील लेकराला मोबाइल-टीव्हीचा पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराहून अधिक नको. एक-दोन वर्षांच्या लेकराला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. अंगणात खेळू द्यावे, मात्र जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुण्यात सूट नको. भरवणाऱ्याचे हातही त्यात आले.

वजन जास्त असल्याची काळजी घेऊन येणारे पालकही आता गावात आहेत. तिथेही उंचीच्या मानानेच पाहायचे असते. अशा लेकराला उपाशी ठेवू नये. पाकिटे, गोड पेये आणि चहा-बिस्किट बंद करून घरचे जेवण आणि खेळ वाढवावा, आणि डॉक्टरांना दाखवावे.

९. भरती व्हायला सांगितले तर

मध्यम कुपोषण बहुतेक वेळा घरी आणि अंगणवाडीतच सुधारते. तीव्र कुपोषण असलेल्या मुलांसाठी गावात ग्राम बाल विकास केंद्र चालवतात, आणि सोबत आजार असेल किंवा भूक-चाचणीत लेकरू खात नसेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस ठेवतात. तिथे उपचार आणि आहार मोफत असतो, आईला सोबत राहावे लागते, आणि बुडालेल्या मजुरीपोटी तिला काही रक्कम मिळते. त्यासाठीच पासबुक लागते. माझ्या मावसबहिणीने तिचा मुलगा हसू-खेळू लागला म्हणून पाचव्या दिवशी घरी आणला आणि तीन आठवड्यांत पुन्हा न्यावा लागला. सूज असलेल्या लेकराचे वजन भरतीनंतर पहिले काही दिवस उलट कमी होते. ती सूज उतरल्याची खूण आहे, घाबरून निघून येऊ नये. घरी दुसरे लेकरू असेल तर त्याला कोण सांभाळणार हे जाण्याआधी ठरवा. बहुतेक आया अर्ध्यातून परततात त्या याच कारणाने.

सुटी झाल्यावर दर पंधरा दिवसांनी दाखवायला बोलावतात. तारखा कार्डावर लिहून घ्या.

१०. पुढचे सहा महिने

दर महिन्याला शक्यतो त्याच काट्यावर वजन करा, ठिपका आपल्यासमोर मांडून घ्या आणि तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रोज किंवा आठवड्याला वजन करू नये. पोट साफ झाले की नाही एवढ्यानेही आकडा हलतो आणि जिवाला घोर लागतो. माझ्या मुलीची रेघ ऑक्टोबरात वर वळली, आणि फेब्रुवारीत दोन वर्षांची झाली तेव्हा वजन ९ किलो ४०० ग्रॅम होते. हिरव्या पट्ट्यात, पण अगदी कडेला.

वीटभट्टीवर, ऊसतोडीला किंवा मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्याआधी सेविकाताईंना सांगावे, कागदांची पिशवी सोबत न्यावी आणि पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथल्या अंगणवाडीत नाव लावायला जावे. कार्ड गावीच राहिले तर नव्या ठिकाणी रेघ पहिल्या ठिपक्यापासून सुरू करावी लागते, आणि ती वर चाललीय की खाली हे कळायला पुन्हा दोन-तीन महिने जातात.